अजून घेऊ नका

वहिनी, तुमचा फोटो हॉलमध्ये वाकडा लागलाय. डावी बाजू खाली आहे. दादांना ते कळत नाही, तुमच्या निखिलला दिसत नाही, आणि मला दिसतं पण मी सांगत नाही. आयुष्यभर तुम्ही सुताएवढ्या फरकावरून लोकांची झोप उडवलीत. दुसऱ्याच्या घरी पाहुण्या म्हणून गेलात तरी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय तुमच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. आता स्वतःच हार घालून तिरक्या लटकल्या आहात आणि हात वर करता येत नाही. रोज सकाळी तुमच्याकडे दिवा लावायला येते तेव्हा मी मान जराशी कलती करून तुम्हाला बघते. खरं सांगू का, त्यानं माझा दिवस चांगला जातो.

लोक म्हणतील, काय दुष्ट बाई आहे, गेलेल्या जावेशी अशी वागते. म्हणू देत. हा दुष्टपणा मी माहेरून आणला नव्हता, तो इथेच, तुमच्या हाताखाली शिकले. शिवाय आपलं एक भांडण राहिलंय. अर्धवट राहिलंय असं म्हणणार होते, पण ते सुरूच व्हायचं होतं. तुम्हाला ते माहीत होतं, मला नव्हतं, आणि मला कळलं तोवर तुम्ही निघून गेला होतात.

तुमच्या जाण्याची गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली आहे की आता ती चांगली बसली आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण डोळे पुसत विचारतो, "असं एकाएकी कसं झालं हो?" मग मी पदर सावरून सुरू करते. सकाळी छातीत दुखायला लागलं, दादांनी आणि मी तुम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नर्सनं दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला, आणि तुम्ही घामानं निथळत तिला विचारलंत, "या यंत्राचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालंय?"

"काकू, हात सैल सोडा."

"हात सैलच आहे. याच्यावर तपासल्याचं स्टिकर कुठाय?"

"काकू, बोलू नका. बोललं की रीडिंग चुकतं."

"चुकलेलंच आहे ते. माझं एवढं असूच शकत नाही."

ऐकणाऱ्याला कॅलिब्रेशन म्हणजे काय ते माहीत नसेल, तर इथे मी तेही सांगून घेते. मोजणाऱ्या यंत्रालाच मोजून बघायचं, ते खरं बोलतं की खोटं. कारखान्यातली मापं अशी तपासण्यात तुमची सगळी उमर गेली, तुमच्या कंपनीतल्या गेजरूममध्ये. तर डॉक्टर धावत आले, त्यांनी दुसरं यंत्र मागवलं. तेही तेच बोललं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "दोन्ही चुकीची आहेत." तुमचं शेवटचं पूर्ण वाक्य तेच. इथे मी क्षणभर थांबते, समोरच्याला रडायचं की हसायचं ते ठरवू देते, आणि मग शेवट करते. यंत्रं बरोबर होती. दोन्ही.

दहाव्याला रामकुंडावर कावळाही लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, बाईंची काही इच्छा मागे राहिली नाही. इच्छेचं मला ठाऊक नाही, पण कुणी ताटकळत ठेवलेलं तुम्हाला खपायचं नाही, हे त्या कावळ्यालाही कळलं असणार.

आता भांडणाकडे येते. तुम्ही म्हणायचात, "वैशाली, तू मुद्द्याकडे येताना आधी पेठला जाऊन येतेस." आज मी जाऊनच येणार. मला अडवणारं कुणी नाही.

आपण दोघी जावा, इंदिरानगरला एकाच मजल्यावर, दारासमोर दार, तुमच्या दारामागे दादा, माझ्या दारामागे सुनील. तुम्ही अंबडमधल्या मोठ्या कंपनीत. मी येवल्याची, पैठणी विणणाऱ्याची मुलगी. अण्णांनी मागाच्या कमाईवर मला इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे मोजणाऱ्या यंत्रांचं, शिक्षण दिलं आणि मीही अंबडलाच एका कारखान्यात लागले होते. सकाळी आपण दोघी गळ्यात ओळखपत्रं घालून एकाच कोपऱ्यावर बसची वाट बघायचो. तुमचं ओळखपत्र भाजी आणायला जातानाही गळ्यात असायचं. माझंही असायचं, पण मी ते पदराखाली ठेवायचे.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला त्या आठवड्यात तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. कणीक मळत होतात. मान वर न करता म्हणालात, "दोघींपैकी एकीला घरी राहावं लागणार. माझी नोकरी कायमची आहे, तुझी कंत्राटी. सरळ आहे."

मी विचारलं, "आणि दोघा भावांपैकी एकाला?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी तराजूनं लांबी मोजायला निघाले होते.

डॉक्टर म्हणाले होते, फार तर वर्षभर. पण सासूबाईंनी जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरांचं तरी का ऐकतील. त्या बारा-तेरा वर्षं राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही. तुम्हाला बढती मिळाली की घरात पेढे यायचे. पहिला पेढा तुम्ही सासूबाईंच्या तोंडात घालायचात, दुसरा माझ्या हातावर ठेवायचात आणि म्हणायचात, "तुझ्यामुळे गं." मला तो गोड लागायचा. एवढी मी मूर्ख होते.

सासूबाई गेल्या, मुलं मोठी झाली, आणि मला पुन्हा नोकरीचं वेड लागलं. वेड म्हणजे वेडच. सुनील म्हणाला, "आता कशाला? आराम कर." आराम हा शब्द घरातल्या पुरुषांना फार आवडतो, दुसऱ्याच्या बाबतीत. मी अर्ज केले. एका ठिकाणी तिघं बसले होते, तिघंही माझ्या भाच्यांच्या वयाचे. एकानं विचारलं, "मॅडम, मधली एवढी वर्षं काय केलंत?" मी म्हटलं, "मोजमाप. ताप किती, औषध किती, लघवी किती." कुणी हसलं नाही. मी फार चांगल्या सुरात म्हटलं होतं, तरी.

घरी येऊन तुम्हाला तो प्रसंग करून दाखवला, तिघांच्या तीन आवाजांत. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "नाटक उत्तम. काम काय येतं तुला आता?"

"येईल की. सायकल कोणी विसरतं का?"

"सायकल नाही विसरत. गुडघे विसरतात. रविवारी ये."

अशी तुमची शाळा सुरू झाली. आधी रविवारी, मग रोज संध्याकाळी, तुम्ही कामावरून आल्यावर. कंपनीतून भंगारात निघालेली स्लिप गेजची एक पेटी तुम्ही मागून आणली होती. स्लिप गेज म्हणजे पोलादाचे आरशासारखे ठोकळे, ज्यांच्या मापावरून बाकीची मापं तपासतात. पोलाद उष्णतेनं वाढतं. म्हणून ठोकळे आणि तपासायचं माप दोन्ही आदल्या दिवसापासून एका थंड खोलीत ठेवायचे, एकमेकांच्या तापमानाला येऊ द्यायचे, मगच मोजायचं, तेही हातमोजा घालून. नाशिकच्या मे महिन्यात तुमच्या बेडरूममधला एसी वीसवर लागायचा. आत गाद्यांवर ठोकळे झोपायचे आणि दादा गॅलरीत सतरंजीवर. एकदा ते बिचारे म्हणाले, "अगं, मीपण जरा आत येऊ का?" तुम्ही म्हणालात, "तुमच्या अंगाची गरमी आत नको." ही गोष्टही मी भेटायला येणाऱ्यांना सांगते. दादा स्वतः हसतात, आणि मग उठून आत जातात.

तुम्ही शिकवताना काय काय म्हणालात ते सगळं मला पाठ आहे. "हात आहे की पोळपाट?" "वाचतेस की अंदाज सांगतेस?" "तुला डोळे दिलेत देवानं, ते फक्त रडायला नाहीत." मी एकदा खरंच रडले, तर तुम्ही एसी आणखी कमी केलात, कारण रडल्यानं खोलीत दमटपणा येतो.

आणि तो पैठणीचा दिवस. पुण्याची एक गिऱ्हाईक बाई आमच्या घरी मागावर अर्धवट विणलेली पैठणीच खांद्यावर घेऊन बघायला गेली आणि मागासकट अडकली, ती गोष्ट मी तुम्हाला सांगत होते. हातात ठोकळा होता, हातमोजा नव्हता. बाई अडकली कशी, अण्णा हात जोडून "ताई, हलू नका, हलू नका" म्हणत होते कसे, सगळं मी उभी राहून करून दाखवलं. तुम्ही चक्क हसलात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मग चष्मा पुसून म्हणालात, "आता माप घे."

मी घेतलं. पाच मायक्रॉन जास्त आलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस त्यापुढे दोरखंड.

"ठोकळा वाढला," तुम्ही म्हणालात. "तू बोलत होतीस तोवर तो तुझ्या मुठीत होता. तुझी मूठ म्हणजे तापलेला तवा. एका गोष्टीपायी एखादा कारखाना बुडवशील तू."

"पाच मायक्रॉननं कोण मरतं, वहिनी?"

"कुणी नाही मरत. पण पुन्हा तुला बोलावतंही कुणी नाही."

त्याच आठवड्यात मी बोरसेंकडे मुलाखतीला गेले. बोरसेंची अंबडमधली कॅलिब्रेशनची लॅब, दोन थंड खोल्या आणि बाहेर चपलांची रांग. बोरसे पूर्वी तुमच्या हाताखाली होते, अजूनही तुमचं नाव निघालं की खुर्चीत सरळ बसायचे. मुलाखत काय झाली, वहिनी, मैफल झाली. मी लघवीचं उत्तर पुन्हा दिलं, या वेळी हशा आला. बोरसे म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं माणूस लॅबमध्ये पाहिजे. कळवतो." मी घरी येताना भेळभत्ता घेऊन आले, अण्णांना येवल्याला फोन केला, जवळजवळ लागलेच म्हणून सांगितलं. अण्णांनी त्यातलं 'जवळजवळ' ऐकलं नसावं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या सगळ्या गल्लीला कळलं होतं की पोरगी परत सायबीन झाली.

शनिवारी बोरसेंचा फोन आला. "सॉरी मॅडम, जागा भरली."

त्या संध्याकाळी तुम्ही नेहमीच्या वेळी बेल वाजवलीत. मी म्हटलं, आज नको. तुम्ही म्हणालात, "आजच तर पाहिजे," आणि मला ओढत नेलंत. मला वाटलं, काय माया आहे बाईची.

मग वर्ष गेलं. अण्णांचा दर चार दिवसांनी फोन. "लागली का गं?" "नाही अण्णा." "नाय तर नाय. लय जागा हायेत नाशकात." गल्लीतल्या लोकांना ते काय सांगत होते देव जाणे. नंतर त्यांचा आवाज बारीक होत गेला, पण प्रश्न तोच राहिला. थंडीत ते गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना कुणाची ओळख पटत नव्हती, मी समोर उभी राहिले तर माझ्याकडे बघून आईला म्हणाले, "हिला विचार, आपली वैशू लागली का." मी काय उत्तर दिलं ते कुणालाच सांगत नाही. आणि मी, तुम्हाला माहीत आहे, सगळं सांगते.

तुम्ही एसटीनं येवल्याला आलात. माझ्याशेजारी बसलात. निघताना माझा हात हातात घेतलात, तुमचा हात नेहमीसारखा गार, आणि म्हणालात, "सोमवारपासून परत सुरू करू." माझ्या मावशीनं ते ऐकलं. तुम्ही दाराबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "काय काळजाची बाई हाय ही. बाप अजून अंगणात हाय, अन् हिचं सोमवार." मी मावशीवर ओरडले. मयताच्या घरात, सगळ्यांसमोर, मी तुमची बाजू घेतली. हे लक्षात ठेवा, वहिनी, पुढे लागणार आहे.

उन्हाळ्यानंतर बोरसेंचा पुन्हा फोन आला. या वेळी मुलाखतीत मी गोष्ट सांगितली नाही. त्यांनी माप दिलं, मी हातमोजा घातला, तोंड बंद ठेवलं, मोजलं. लागले. पहिल्या दिवशी तुम्ही तुमच्या दारात उभ्या होतात. माझ्या ओळखपत्राची पट्टी मानेपाशी उलटी झाली होती ती सरळ केलीत. म्हणालात, "तुझ्या अण्णांनी..." आणि थांबलात. मी थांबले. मग तुम्ही म्हणालात, "डबा घेतलास का?"

मला तेव्हा वाटलं, गहिवर आला असेल. तुम्हाला. गहिवर. मी खरंच काहीही समजू शकते.

तुमचं तेरावं झालं आणि बोरसे भेटायला आले. हॉलमध्ये दादा, सुनील, निखिल, खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू, सगळे बसले होते. मी चहाचा ट्रे घेऊन आत आले. बोरसे तुमच्या फोटोकडे बघत म्हणत होते, "अशी माणसं आता राहिली नाहीत. एक उदाहरण सांगतो. या वैशाली मॅडम पहिल्यांदा माझ्याकडे आल्या ना, तेव्हाच मी घेणार होतो. ऑर्डर तयार. म्हटलं, वहिनींचा शब्द घ्यावा, म्हणून फोन केला. तर म्हणाल्या, 'बोरसे, माझी सख्खी जाऊ आहे म्हणून स्पष्ट सांगते. अजून घेऊ नका. कच्ची आहे.' सख्खी जाऊ, बघा. नात्यापुढे काम. आज कोण बोलतं असं? मग वर्षानं त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, 'आता घ्या.' मी डोळे झाकून घेतलं."

दादांनी डोळे पुसले. जोशीकाकू म्हणाल्या, "तत्त्वाच्या होत्या हो." सुनीलनं मान डोलावली. माझ्या नवऱ्यानं, वहिनी, अभिमानानं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आता मीही काही चांगलं बोलेन म्हणून. अशी भरलेली सभा मला आयुष्यात पुन्हा मिळायची नाही.

मी बोरसेंना विचारलं, "साखर किती?"

त्या दिवसापासून मी तुमच्याशी रोज बोलते. तुम्ही उत्तर देत नाही, याचा तुम्हाला केवढा त्रास होत असेल याची कल्पना करून मला बरं वाटतं.

हा विषय एकदा आपल्यात निघाला होता, आठवतं? एसीच्या खोलीत. तेव्हा मला माहीत नव्हतं की आपण माझ्याबद्दलच बोलतोय. मी म्हटलं होतं, "कच्चे पोरगे घेतात ना सगळे? निखिलला काय येत होतं लागला तेव्हा? पहिल्याच महिन्यात मोटर जाळली त्यानं."

तुम्ही म्हणालात, "पोरगं चुकलं की म्हणतात, शिकतंय. बाई चुकली की म्हणतात, बायका अशाच. तू एकटी नाही चुकणार. तुझ्यामागून येणारी जी असेल तिचं दार तू लावून घेशील."

"मग मागून येणारीसाठी मी घरी बसायचं?"

"पक्की होईपर्यंत."

"आणि पक्की झाले की नाही हे ठरवणार कोण?"

तुम्ही म्हणालात, "ठोकळा जागेवर ठेव."

भांडण तिथेच राहिलं. तर आता मी पुढे नेते. वहिनी, निखिलच्या वेळी त्याच्या साहेबांनी तुम्हाला फोन केला असता तर तुम्ही 'अजून घेऊ नका' म्हणाला असतात? मोटर जळायच्या आधी? नसतात म्हणाला. तिथे तुम्ही आई झाला असतात. माझ्या वेळी तुम्ही गेजरूम झालात.

आणि मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. म्हणाल, मी बरोबर होते. असालही. त्या वर्षी मी गेले असते तर महिन्याभरात काहीतरी उलटं केलं असतं, चार जणांना हसवलं असतं आणि बोरसेंनी हात जोडून मला घरी पाठवलं असतं. आज माझ्या सहीनं सर्टिफिकेटं निघतात. अंबडमधले लोक माझं माप पुन्हा तपासत नाहीत. हे सगळं तुमचं आहे, एकेक संध्याकाळ तुमची आहे. दिवसभर उभं राहून आलेली बाई पायाला तेल लावायचं सोडून माझ्या चुका मोजत बसायची. माझ्या आईनंही माझ्यासाठी एवढं केलं नसेल. हे मी मान्य करते, आणि मान्य करताना मला किती जड जातंय ते तुम्ही वरून मोजून घ्या.

पण अण्णांना महिन्याभराची नोकरी पुरली असती. हाकललेली मुलगीसुद्धा आधी लागलेली असते. एवढा हिशेब तुम्हाला आला नाही, तुम्हाला, ज्यांना हजारावा भाग दिसायचा. आणि तो नंतर तुमच्या लक्षात आला होता, हे मला आता कळतं. येवल्यात आला होता, माझा हात हातात घेतलात तेव्हा. दारात आला होता, 'तुझ्या अण्णांनी' म्हणालात तेव्हा. दोनदा तोंडाशी आलं आणि दोनदा तुम्ही गिळलंत. एकदा बोलला असतात तर मी तुम्हाला काय केलं असतं? ओरडले असते, महिनाभर दार लावून बसले असते, आणि मग एक दिवस भूक लागली म्हणून तुमच्याकडे भरीत मागायला आले असते. तुम्हाला ते माहीत होतं. तरीही तुम्ही घाबरलात. आख्खं अंबड ज्या बाईला घाबरायचं ती मला घाबरत होती, ही इतकी भारी गोष्ट आहे, आणि ती ऐकायला तुम्हीच नाही आहात.

आता गेल्या महिन्यातली हकिगत ऐका. बोरसेंकडे एक जागा निघाली. मुलाखतीला शबाना आली, जुन्या नाशकातली, माझ्यासारखीच इन्स्ट्रुमेंटेशनवाली, मधली कित्येक वर्षं घरी. बोरसेंनी विचारलं, "एवढा गॅप का?" ती म्हणाली, "सर, गॅप नव्हता. दोन मुलं, एक सासरे आणि एक लॉकडाऊन होता." मला ती तिथेच आवडली. मग तिला माप घ्यायला दिलं. तिनं ठोकळा उचलला आणि ओढणीच्या टोकानं पुसला. ओढणीला टिकल्या होत्या, वहिनी. आरशासारख्या पोलादावर टिकल्या. मी डोळे मिटले. तुम्ही असतात तर तिला जिन्यावरून खाली पोचवून आला असतात.

ती बाहेर गेल्यावर बोरसे माझ्याकडे वळले. "पूर्वी मी वहिनींना विचारायचो. आता तुम्हीच सांगा. तयार आहे का?"

"अजिबात नाही."

ते सुस्कारले. "चला. सांगतो तिला, जागा भरली."

"घ्या तिला," मी म्हटलं.

"अहो, आत्ताच तर तुम्ही..."

"कच्ची आहे, म्हणूनच घ्या. पगार सुरू करा आणि माझ्या हाताखाली द्या. चुकली तर माझ्या नावावर."

बोरसे तुमच्या तालमीतले, त्यांना माझा रंग ओळखता आला. घेतलं.

तुम्हाला आनंद होईल असं सांगते. ती चुकली. एकाच कंपनीचे दोन प्रेशर गेज आले होते, तिनं एकाचं स्टिकर दुसऱ्याला लावून पाठवून दिलं. नोंदी बघताना मला ते दिसलं आणि मी तिला तुमच्या आवाजात झापलं, पोळपाटापासून सगळं. ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि मी दार वाजवलं नाही. तेवढ्यात त्या कंपनीतून फोन आला. तिथला क्वालिटीवाला, जेमतेम मिशी फुटलेला, मला म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण लेडीज स्टाफ वाढवला की असंच होतं. डोकं घरी असतं त्यांचं."

मी अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमचा तो चेतन कुठाय हो? जो परवा मायक्रोमीटर आणि चहाचा थर्मास एकाच पिशवीत घालून आमच्याकडे आला होता? काढलंत का त्याला?"

"नाही मॅडम, काढतो कशाला. शिकतोय तो."

"मग हीपण शिकतेय. गेज परत पाठवा."

एवढंच, वहिनी. एवढंच तुम्ही बोलायचं होतं. आख्ख्या अंबडमध्ये तुमच्याएवढी धारदार जीभ कुणाची नव्हती, आणि बोरसेंनी माझ्याबद्दल विचारायला तुम्हाला फोन केला तेव्हा ती माझ्यासाठी चालली नाही.

शबाना तोंड धुऊन परत आली, गुपचूप खुर्चीत बसली. घरी गेली नाही. मीही पाठवलं नाही.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, आणि इतक्यात करेन असं वाटत नाही. सोमवारपासून तिला ठोकळे पुसायला शिकवायचंय. तुमच्याच शब्दांत शिकवणार आहे, टोमण्यांसकट. दुसरे शब्द मला येत नाहीत.